नदीकांठ, कुत्रा आणि सांखळी

लंडन शहरांत टेम्स नदीच्या कांठानें जो रुंद, फरसबंद आणि सपाट रस्ता गेला आहे, त्यावर ऊन पडलेल्या दिवशीं एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. एका बाजूस दगडी कठडा व त्याखालीं वाहणारें पाणी, दुसऱ्या बाजूस झाडांची रांग, आणि मधून लहानथोर माणसें आपआपलीं कुत्रीं सांखळीस धरून सावकाश चाललेलीं. चढण नाहीं, चिखल नाहीं, घाई नाहीं. म्हाताऱ्यास झेपेल व मुलास आवडेल असा हा फेरफटका. तो इतका साधा व निरुपद्रवी वाटतो, कीं त्यास कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांत येऊं नये. परंतु जें फार स्वाभाविक दिसतें, त्याविषयींच इतिहासाच्या अभ्यासकानें अधिक शंका घ्यावी. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं हा रस्ता नव्हता, ही नदी अशी नव्हती आणि तिच्या कांठचा कुत्राही असा नव्हता. नदीस भिंत घालावी लागली, कुत्र्यास सांखळी घालावी लागली, आणि त्याच्या चाव्यांतून येणाऱ्या रोगास कायद्यानें जखडावें लागलें. हीं तीन बंधनें कशीं पडलीं, त्यांचा खर्च कोणीं सोसला, आणि आमच्या मुंबईनें त्यांतलें काय उचललें व काय टाकलें, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम नदी घेऊं. टेम्स ही लंडनपाशीं भरती-ओहोटीची नदी आहे. पूर्वीं ओहोटीच्या वेळीं दोन्ही कांठांस चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडत. कांठ सर्वांचा नव्हता. तो वखारवाल्यांचा, कोळशाच्या व्यापाऱ्यांचा आणि बड्या लोकांच्या वाड्यांचा होता. सामान्य माणसास पाण्याशीं जावयाचें तर दोन भिंतींमधील बोळांतून दगडी पायऱ्या उतराव्या लागत, आणि तेथें नावाडी गिऱ्हाइकाची वाट पाहत असत. म्हणजे लंडनलाही एके काळीं एक प्रकारचे घाटच होते. यॉर्क हाऊस नांवाच्या वाड्याचा, सुमारें १६२६ सालीं बांधलेला जलदरवाजा अद्याप उभा आहे. त्याच्या पायऱ्यांस पूर्वीं होड्या लागत; आज तो एका बागेंत, पाण्यापासून सुमारें दीडशें यार्ड आंत, कोरड्या जमिनीवर आहे. नदी किती मागें सारली गेली हें समजण्यास या दरवाज्याइतका चांगला साक्षीदार मिळणें कठीण.

नदी मागें सारण्याचें मूळ कारण शोभा नव्हे, दुर्गंधि होय. लाखों लोकांचा मैला टेम्सच्या पाण्यांत पडे, आणि भरती आली म्हणजे तोच परत शहरांत येई. १८५८ च्या उन्हाळ्यांत हा वास इतका असह्य झाला, कीं नदीकांठच्या पार्लमेंटच्या इमारतींत खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्यें भिजवून टांगावे लागले. कॉलऱ्यानें हजारों गरीब मेले तेव्हां जें काम झालें नाहीं, तें कायदे करणाऱ्यांच्या स्वतःच्या नाकास झोंबल्यावर थोड्या दिवसांत मंजूर झालें. जोसेफ बॅझलगेट या एंजिनियराच्या देखरेखीखालीं शहरभर मैलागटारें बांधलीं गेलीं, आणि नदींत भर घालून दगडी बांध उभे राहिले. दक्षिण कांठचा आल्बर्ट बांध १८६९ सालीं, उत्तर कांठचा व्हिक्टोरिया बांध १८७० सालीं, आणि त्याच्या वरच्या अंगाचा चेल्सी बांध १८७४ सालीं पुरा झाला. व्हिक्टोरिया बांधाच्या पोटांत मोठें गटार आहे व भुयारी आगगाडीही आहे. ज्या फरशीवरून आज कुत्रीं घेऊन माणसें हवा खात चालतात, ती फरशी खरोखर पाहतां त्या गटाराचें झांकण होय.

जमीन भरून काढली, तरी तेथें पूर्वीं कोण होतें हा प्रश्न उरतोच. हेन्री मेह्यू या गृहस्थानें १८५१ सालीं लंडनच्या श्रमजीवी व दरिद्री लोकांविषयीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ओहोटीच्या चिखलांत उतरून कोळशाचे तुकडे, खिळे व दोराचे तुकडे वेंचणाऱ्या मुलांचें आणि म्हाताऱ्या बायकांचें वर्णन त्यांत आहे. त्याच ग्रंथांत दुसऱ्या एका धंद्याची जी माहिती आहे, ती तर आमच्या विषयाशीं अगदीं निगडित आहे. रस्त्यांवरील कुत्र्यांची विष्ठा गोळा करून ती नदीपलीकडे बर्मंडसी येथील चामडें कमावणाऱ्यांस विकणें, हा कित्येक गरिबांचा पोटाचा उद्योग होता. कातडें स्वच्छ व मऊ करण्यास तिचा उपयोग होई. बादलीस आठ-दहा पेन्स पडत. माल उत्तम असल्यास शिलिंगही मिळे. हें कातडें जोडे, हातमोजे आणि पुस्तकांची बांधणी यांस लागत असे. त्या काळच्या ज्या कातडी बांधणीच्या ग्रंथांस आम्ही ग्रंथालयांत आदरानें हात लावतों, त्यांपैकीं कित्येकांस हा संस्कार घडलेला असावा! आज त्याच नदीकांठीं कुत्र्याची घाण न उचलणाऱ्यास दंड होतो. नदीकांठ स्वच्छ झाला हें खरें. पण त्या अस्वच्छतेवर जगणारीं माणसेंही तेथून नाहींशीं झालीं, आणि तीं पुढें कोठें गेलीं याची विचारपूस बांधाच्या जमाखर्चांत कोठेंच नाहीं.

आतां कुत्र्याकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनांतील कुत्रा पुष्कळ अंशीं कामकरी होता. खाटकाचा कुत्रा गुरें हांकी, दुसरा वखार राखी, आणि लहान व्यापारी आपला माल कुत्र्यांच्या गाडींतून नेत. १८३९ च्या पोलिस कायद्यानें लंडनांत कुत्र्यांस गाडीस जुंपण्याची मनाई झाली, व १८५४ मध्यें ती सर्व देशास लागू झाली. काम सुटलें तसा त्यांचा दिवाणखान्यांतील शिरकाव वाढला. १८५९ सालीं न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें पहिलें रीतसर प्रदर्शन भरलें. १८७३ सालीं लंडनांत केनेल क्लब निघाला आणि जातिवंत कुत्र्यांच्या वंशावळींची वही सुरू झाली. राजेरजवाड्यांचा हा षोक आतां वकील, डॉक्टर व दुकानदार यांच्या घरीं आला. ज्या घरीं कुत्रा आला, त्या घरच्या माणसास त्यास फिरवून आणण्याचें कामही आलें. आणि नेमका त्याच काळांत नदीकांठीं सपाट, मोकळा व उन्हाचा रस्ता तयार झाला. दोन निरनिराळ्या कारणांनीं घडलेल्या गोष्टी अशा एकत्र आल्या.

पण सांखळी कां आली? तिचीं कारणें तीन. पहिलें चोरी. लाडक्या कुत्र्यांस पळवून नेऊन मालकाकडून दंड उकळणाऱ्यांच्या टोळ्या लंडनांत होत्या. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिचा फ्लश नांवाचा कुत्रा १८४६ सालीं असाच पळविला गेला, आणि प्रकृतीनें अशक्त असलेली ती बाई गुंडांच्या वस्तींत स्वतः गेली. पैसे भरल्यावर कुत्रा सुटला. दुसरें कारण शिस्त. १८६७ च्या रस्त्यांविषयींच्या कायद्यानें लंडनच्या पोलिसांस बेवारशी कुत्रीं धरण्याचा, व प्रसंगीं कुत्र्यांस मुसकें घालण्यास भाग पाडण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षीं कुत्र्यामागें पांच शिलिंगांचा परवाना ठरला. या पांच शिलिंगांचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. ज्याच्यासाठीं ते कोणीं भरले तो कुत्रा घरचा. ज्याच्यासाठीं भरले नाहींत तो भटका. गल्लींत सर्वांच्या उष्ट्यावर जगणारा, सर्वांचा आणि कोणाचाच नव्हे असा जो तिसरा कुत्रा, त्यास कायद्याच्या वहींत रकाना राहिला नाहीं.

तिसरें व सर्वांत मोठें कारण रोग. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानें येणारें मरण किती भयंकर, हें जगास प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आमच्या सुश्रुतानें अशा रोग्यास पाण्याचें दर्शन किंवा स्पर्शही सहन होत नाहीं, हें लक्षण सांगून तें असाध्य ठरविलें आहे. १८८५ च्या जुलईंत पॅरिस येथें लुई पाश्चर यानें जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचली व तो वांचला. तथापि चावा बसल्यावर उपाय करणें वेगळें, आणि रोग मुळांतच नाहींसा करणें वेगळें. इंग्लंडांत शेतकी खात्याचा मंत्री वॉल्टर लाँग यानें १८९७ पासून मुसक्याचे हुकूम कडकपणें अमलांत आणिले, व बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांस अडकवून ठेवण्याचा नियम केला. कुत्र्यांच्या कैवाऱ्यांनीं मोठा गिल्ला केला. पण १९०२ सालीं त्या बेटांतून हा रोग गेला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, परदेशांतून आलेल्या कुत्र्यांबरोबर तो पुन्हां शिरला, आणि १९२२ पर्यंत पुन्हां हांकलला गेला. नदीकांठीं आज एखादें अनोळखी मूल एखाद्या अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावरून निर्धास्त हात फिरवितें, तें या हुकुमांच्या जोरावर.

या निर्धास्तपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेरी टील्बी या बाईनें १८६० सालीं लंडनच्या हॉलोवे भागांत हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं एक आश्रम काढला. तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिची थट्टा केली. १८७१ सालीं तो आश्रम टेम्सच्या दक्षिण कांठीं बॅटर्सी येथें गेला, आणि पोलिसांनीं धरलेलीं कुत्रीं तेथें येऊं लागलीं. ज्यांस मालक किंवा गिऱ्हाईक मिळालें तीं वांचलीं. बाकीच्यांस मारावें लागे. त्यांस वेदना होऊं नयेत म्हणून डॉक्टर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांच्या योजनेप्रमाणें १८८४ सालीं तेथें विषारी वायूची कोठी बसविण्यांत आली. एका कांठीं सांखळीचीं कुत्रीं फिरत, व पलीकडच्या कांठीं बेवारशी कुत्रीं या कोठींत जात. या आश्रमानें असंख्य कुत्र्यांस घर दिलें, तेव्हां त्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. मात्र सुखाच्या देखाव्याची किंमत या कोठींतही मोजली गेली, हें इतिहासानें लिहून ठेविलें पाहिजे.

आतां आपल्याकडे पाहूं. आमच्याकडे पाण्याचा कांठ म्हणजे घाट. भिंत माणसास पाण्यापासून दूर ठेविते. घाट त्यास पाण्यांत उतरवितो. स्नान, संध्या, धुणें, दशक्रिया, सर्व तेथेंच. घाटावर कुत्रा असे. पण त्यास कोणी घेऊन जात नसे, तो आपला आपण तेथें राही. त्याच्याविषयीं आमचें मनही दुहेरी. एकीकडे त्याच्या स्पर्शाचा विटाळ. दुसरीकडे धर्मराजानें कुत्र्यास सोडून स्वर्गांत जाण्याचें नाकारल्याची भारतांतील कथा, दत्तात्रेयाच्या पायांशीं बसलेलीं चार कुत्रीं आणि खंडोबाच्या संगतींतला कुत्रा. सातारजवळ कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथें छत्रपति शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याची समाधि दाखवितात. त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें व महाराजांनीं त्यास पालखीचा मान दिला, अशी परंपरा आहे. राजांच्या समाधींच्या शेजारीं, नदीकांठीं, कुत्र्याची समाधि असावी, ही गोष्ट साधी नव्हे. पण मान मिळाला तो एका कुत्र्यास. गल्लींतील कुत्र्याचा प्रश्न तेव्हां कोणास पडलाच नव्हता.

तो प्रश्न पडला इंग्रजी अमलांत, मुंबईंत. बेवारशी कुत्रीं वर्षांतील ठराविक दिवसांत मारण्याचा नियम १८१३ पासून होता. १८३२ सालीं त्याची मुदत वाढविण्यांत आली, आणि कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळूं लागलें. बक्षिसाच्या लोभानें मारेकरी घराच्या ओट्यांवरचीं, अंगणांतलीं, प्रसंगीं पाळलेलींही कुत्रीं ओढून नेऊं लागले. पारशी लोकांच्या धर्मांत कुत्रा पवित्र. मृताच्या देहास कुत्र्याकडून पाहविण्याचा विधि त्यांच्यांत आहे. ६ जून १८३२ रोजीं कोटांत लोक जमले व त्यांनीं पोलिसांच्या माणसांस चोप दिला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं, आणि कुलाब्याच्या पलटणीकडे जाणारी रसद अडविली गेली. पारश्यांबरोबर जैन व हिंदु होते, मुसलमानही होते. शेवटीं लष्कर आणावें लागलें. पुढें जमशेटजी जीजीभाई प्रभृति प्रतिष्ठितांनीं सरकारकडे अर्ज करून, कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर नेऊन सोडावीं, अशी मागणी केली.

या दंग्याची हकीकत सांगतांना कोणी ती धर्मभोळेपणाची म्हणून हंसण्यावारी नेतात, तर कोणी भूतदयेचा विजय म्हणून गौरवितात. आमच्या मतें दोन्ही वाचनें अपुरीं आहेत. रहिवाशांस न विचारतां, त्यांच्या ओट्यावर चढून, बक्षिसाच्या आमिषानें राबविलेला नियम लोकांनीं फेंकून दिला, हा या प्रकरणाचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ त्याहून महत्त्वाचा आहे. दंगा करून लोक थांबले नाहींत. १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांनीं पुढाकार घेऊन पांजरापोळ काढला. तेथें कुत्र्यांसही आसरा मिळाला. व्यापाऱ्यांनीं त्यास पैसा पुरविला. भुलेश्वर भागांत तो आजही चालू आहे. सरकारनें मारूं नये असें म्हणणाऱ्यांनीं, मग सांभाळणार कोण, या प्रश्नाचें उत्तर स्वतःच्या खिशांतून दिलें. दयेस हिशेबाची वही जोडणारे ते गृहस्थ होते.

पुढें मुंबईनेंही समुद्रास भिंत घातली. बॅक बेची भरणी हें प्रकरण लंडनच्या बांधाइतकें सरळ नव्हतें. १९२० नंतरच्या त्या कामांत पैसा इतका वाहून गेला, कीं खुर्शेद नरिमन यांनीं त्याची लक्तरें वेशीवर टांगलीं. तरी त्यांतूनच मरीन ड्राइव्हचा सुंदर, सपाट रस्ता शहरास मिळाला. तेथें सकाळीं व संध्याकाळीं टेम्सकांठच्यासारखाच देखावा दिसतो. पट्टा घातलेलीं, नाना जातींचीं कुत्रीं मालकांबरोबर चाललेलीं असतात. पण त्याच कठड्याच्या आडोशास दुसरींही कुत्रीं निजलेलीं असतात. त्यांच्या गळ्यांत पट्टा नाहीं व मागें मालक नाहीं. लंडनांत पांच शिलिंगांनीं जो तिसरा कुत्रा वहींतून काढून टाकला, तो येथें अजून आहे.

येथेंच आमच्या विषयाचा खरा पेंच आहे. भिंत आम्ही घेतली, आमच्या घरच्या कुत्र्यापुरती सांखळीही घेतली. परंतु तिसरें बंधन, म्हणजे रोगास जखडणारी, कंटाळवाणी व खर्चाची व्यवस्था, ती मात्र आम्हीं अर्धवट घेतली. कसौली येथें १९०० सालीं पाश्चर संस्था निघाली, त्यास सव्वाशें वर्षें होऊन गेलीं. तरी या देशांत दरवर्षीं हजारों माणसें कुत्र्याच्या चाव्यानें मरतात, आणि त्यांत गरिबांचीं मुलें पुष्कळ असतात. २००१ च्या नियमांनीं रस्त्यावरील कुत्रीं मारण्याऐवजीं त्यांची नसबंदी करावी, लस टोंचावी व त्यांस मूळ जागीं सोडावें असें ठरविलें. २०२३ सालीं ते नियम नव्यानें करण्यांत आले. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली भागांतील सर्व भटकीं कुत्रीं उचलून कोंडवाड्यांत ठेवण्याचा हुकूम प्रथम दिला, व ११ दिवसांतच तो बदलून, लस दिलेलीं निरोगी कुत्रीं पुन्हां जागीं सोडण्यास सांगितलें. नोव्हेंबरांत शाळा, रुग्णालयें, स्थानकें अशा ठिकाणांपुरतें मात्र निराळें ठरलें. एवढ्या अवधींत देशांत दोन तट पडले. एक म्हणतो उचला, दुसरा म्हणतो हात लावूं नका.

दोन्ही पक्षांनीं आपआपल्या सोयीचा इतिहास घ्यावा, हें स्वाभाविक आहे. पहिला पक्ष टेम्सचा कांठ दाखवितो. पण त्या कांठाआधीं झालेली तीस-चाळीस वर्षांची नोंदणी, मुसकीं, कर व पोलिसांचा पहारा, आणि बॅटर्सीची ती कोठी, हीं तो दाखवीत नाहीं. दुसरा पक्ष १८३२ ची मुंबई दाखवितो. पण १८३४ ची मुंबई विसरतो. रोज संध्याकाळीं कठड्याशीं चार बिस्किटें टाकणें ही दया खरी, परंतु ती संध्याकाळपुरती आहे. लस टोंचली जाते कीं नाहीं, हें पाहणारा माणूस त्या दयेच्या पाठीमागें उभा नसेल, तर तिचा भुर्दंड दुसऱ्या कोणाच्या तरी मुलास पडतो. आजच्या शास्त्राप्रमाणें एखाद्या भागांतील शेंकडा ७० कुत्र्यांस लस पोंचली व तें प्रमाण टिकविलें, म्हणजे तेथें हा रोग फैलावत नाहीं. म्हणजे लॉंगसाहेबाच्या मुसक्यांवांचून आणि रिचर्डसनच्या कोठीवांचूनही तें फळ मिळण्याजोगें आहे. जें साधन लंडनास त्या वेळीं नव्हतें, तें आपल्या हातांत आहे.

तेव्हां नदीकांठचा किंवा समुद्रकांठचा सुखाचा फेरफटका हवा असें जो म्हणतो, त्यानें फरशी व कठडा मागून थांबूं नये. घरच्या कुत्र्याची नोंद करणें, त्याची घाण स्वतः उचलणें, आणि गल्लींतल्या बेवारशी कुत्र्यांच्या लसीसाठीं नगरपालिकेकडे वर्षानुवर्षें तगादा लावणें व वर्गणी देणें, हींही त्याच फेरफटक्याचीं अंगें आहेत. हें काम डोळ्यांत भरणारें नाहीं. त्याचें उद्घाटन करण्यास कोणी राजपुत्र येत नाहीं. पण १८३४ सालीं दुकानदारांनीं व दलालांनीं तें अंगावर घेतलें होतें, आणि त्यांच्यापाशीं ना लस होती, ना मतदानाचा हक्क. आज आपल्यापाशीं दोन्ही आहेत.